सोलापुरातून लॅब्रेडॉरला घेऊन रानात जायचंय: कुठे, कधी आणि कसं?

जुळे सोलापूरमधल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २ वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, वजन ३८ किलो. सकाळ-संध्याकाळ कॉलनीत त्याची एक-एक फेरी होते. आता त्याला घेऊन झाडीतल्या पायवाटेवर दिवसभर फिरायचं मनात आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ पडतं, येडशीचं रामलिंग अभयारण्य हिरवंगार आहे असं ऐकलंय. या दोनपैकी कुठे जावं, मे महिन्यात मुलांना सुट्टी असते तेव्हा गेलं तर चालेल का, आणि बरोबर काय काय घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

नान्नज नको, रामलिंगही नको आणि मे तर मुळीच नको. हिरमुसू नका, रानात जायचंच आहे. फक्त 'कोणत्या जंगलात' हा प्रश्न जरा मागे ठेवा आणि 'कोणत्या महिन्यात, किती वाजता' हा पुढे घ्या. सोलापूरच्या हवेत कुत्र्याची भटकंती किलोमीटरवर बेतून चालत नाही, ती घड्याळावर बेतावी लागते. फिरायला नेल्यावर आजारी पडून माझ्या दवाखान्यात येणारी बहुतेक कुत्री काही फार चाललेली नसतात. ती नको त्या वेळी चाललेली असतात.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं. जिभेवरचा, तोंडातला, नाकातला ओलावा उडतो आणि त्याबरोबर उष्णता जाते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे थर्मामीटरवर १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवाच ४० च्या वर असते, म्हणजे त्याच्या अंगापेक्षा गरम. अशा हवेत धापा टाकून किती भागणार? आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की ३२-३३ अंशांतसुद्धा हा ओलावा नीट उडत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

लॅब्रेडॉरची त्यावर आणखी एक अडचण, ती स्वभावाची. देशी कुत्रं ऊन चढलं की स्वतःहून लिंबाखाली जाऊन बसतं, तुम्ही कितीही हाका मारा. लॅब मात्र मालक चालतोय म्हणून चालत राहतो, चेंडू फेकला की धावत राहतो, आणि थांबतो तो पडल्यावरच. त्यात ३८ किलो म्हणजे तुमचा गडी चार-पाच किलोंनी तरी जास्त असावा. फासळ्यांवरून हात फिरवा. जरासं दाबल्यावर फासळ्या बोटांना लागायला हव्यात आणि वरून पाहिलं की कंबर आत गेलेली दिसायला हवी. तसं नसेल तर आधी दोन महिने खाणं कमी करा. माझ्या मते लॅबच्या मालकाने भटकंतीसाठी करायची सगळ्यांत उपयोगी तयारी हीच आहे. (पग, शिट्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री असलेल्यांनी हे उत्तर कुतूहल म्हणून वाचावं. त्यांच्यासाठी सोलापुरातली सकाळची फेरी हाच ट्रेक आहे.)

आता महिने. पावसाळ्यात माळ हिरवा होतो, ओढे वाहतात, फोटो छान येतात. पण काळ्या रानातला चिखल पंजांत जो बसतो तो बसतो. बोटांच्या मध्ये गोळे तयार होतात, वाळले की दगडासारखे घट्ट होतात आणि कुत्रं लंगडायला लागतं. गोचिडी जोरात असतात, साप बाहेर असतात, डबक्यांमध्ये उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू असू शकतात. जायचंच तर मुरमाड, उताराची जागा बघा आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. रात्री अंगणात बेडूक चाटून तोंडाला फेस आलेली कुत्री याच दिवसांत येतात. तसं झालं तर तोंड एका बाजूला कलतं धरून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका.

दिवाळीची सुट्टी बरी वाटते, कारण ऊन उतरलेलं असतं. पण ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्या माळांवर कुसळ असतं, आणि कुत्र्याच्या दृष्टीने सोलापूरच्या रानातली सगळ्यांत वाईट गोष्ट कोणती असं मला विचारलं तर मी सापाचं नाही, कुसळाचं नाव घेईन. माणसाच्या पँटला लागतं ते कुसळ आपण खेचून टाकतो. कुत्र्याच्या केसांत ते अडकतं, पुढे सरकतं आणि कातडीत शिरतं. त्याचं टोक सुईसारखं, टोकामागे उलटे केस, आणि मागची शेपटी ओलाव्याने पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, त्यामुळे दाणा गिरमिटासारखा आत आत जातो. जमिनीत स्वतःला पेरून घ्यायची ती गवताची युक्ती आहे, पण कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात तीच युक्ती चालते. आत गेलेलं कुसळ आपोआप बाहेर येत नाही. तिथे गाठ येते, फुटते, पू वाहतो, अँटिबायोटिकने सुकते आणि पुन्हा फुटते. कानात गेलं तर कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकतं. नाकात गेलं तर एकामागून एक शिंका येतात, कधी रक्त येतं. डोळ्यात गेलं तर डोळा घट्ट मिटून घेतं. या तिन्ही ठिकाणी घरी चिमटा घालायचा नाही. कानात तेलही टाकू नका. त्याच दिवशी दवाखाना. सराटे त्या मानाने प्रामाणिक. काटा गादीत रुतला की कुत्रं जागच्या जागी पाय उचलतं, आपण काढतो, विषय संपला.

म्हणून मी सांगतो ते दिवस म्हणजे डिसेंबर अर्धा सरल्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. कुसळ बरंचसं गळून गेलेलं, हवा कोरडी आणि गार. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे आपल्याकडे जी सकाळ असते तिच्यासारखी सकाळ वर्षभर मिळत नाही. मुलांना त्या वेळी लांब सुट्टी नसते, मान्य आहे. पण दिवसभराचा बेत तसाही सोडूनच द्यायचा आहे. उजाडताना चालायला लागायचं आणि साडेनऊपर्यंत गाडीशी परत. रविवार पुरेसा आहे. फेब्रुवारी उलटला की साडेआठ. जमीन तापली का हे बघायला तळहात नको, हाताची मागची बाजू दगडावर किंवा डांबरावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर ती जमीन त्याच्या गाद्यांसाठीही नाही.

आता नान्नज. माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ सालचं, सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत विखुरलेलं. बाहेरून बघणाऱ्याला तो ओसाड माळ वाटतो, म्हणून लोकांना वाटतं की कुत्रं सोडायला याहून मोकळी जागा कुठली? पण हा माळ रिकामा नाही. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, आणि बहुधा एकच. तो स्वतः आता दिसला तर नशीब अशी अवस्था आहे, पण तितर, टिटवी, पखुर्डी, धाविक, चंडोल हे सगळे जमिनीवरच घरटं करणारे. त्यांची अंडी मातीच्या रंगाची असतात, आपल्या पायाखाली आली तरी दिसत नाहीत. कुत्र्याच्या नाकाला मात्र सापडतात. त्याने अंडं खाल्लं नाही, नुसतं हुंगलं आणि पक्षी उठून गेला, तरी उन्हात अंड्याचं काय होतं ते सांगायला नको. त्याच माळावर काळवीट आहेत, खोकड आहेत, लांडगे आहेत. लांडग्यांची पिल्लं हिवाळ्याच्या सुमाराला बिळात असतात, म्हणजे नेमके आपल्याला फिरायला आवडणारे दिवस. डिस्टेम्पर, पार्व्हो, रेबीज हे रोग आपल्या कुत्र्यांकडून त्यांच्याकडे जातात, आणि त्यांना लस टोचायला कुणी जात नाही.

कायद्याचंही ऐकून ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत मारणं एवढंच येत नाही. पकडणं, पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं हेही येतं. 'माझा कुत्रा खेळत होता हो, ससा आपोआप पळाला' हे उत्तर वनरक्षकाला पटवून देणं अवघड आहे.

येडशी रामलिंग घाट अभयारण्याची गोष्ट वेगळी, पण उत्तर तेच. १९९७ साली जाहीर झालेलं हे बालाघाटातलं रान खरोखर सुंदर आहे. सोलापूरहून तुळजापूर-धाराशिवमार्गे ८५-९० किलोमीटर. तुम्ही दोघं मुलांना घेऊन जरूर जा, कुत्र्याला घरी ठेवून. देवळाजवळ माकडं आहेत, आणि माकडं विरुद्ध लॅब्रेडॉर या सामन्यात लॅब हरतो. चावे खोल असतात. शिवाय २०२४ च्या अखेरीस याच रानात वाघ कॅमेऱ्यात आला, तो यवतमाळच्या टिपेश्वरहून इथवर आलेला निघाला. वाघाचं सोडा, तो पाहुणा. बिबट्या मात्र कुत्र्याला नेहमीच्या आहारात धरतो. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. ऊस आपल्याकडेही कमी नाही. उसाच्या कडेने पहाटे अंधारात किंवा दिवेलागणीला कुत्रं घेऊन जाऊ नका, एवढं त्यातून घ्यायचं.

भुईकोट किल्ल्याचाही विचार कुणी करत असेल तर, तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला आहे आणि त्यांच्या नियमात स्मारकात जनावर आणायला मनाई आहे.

मग जायचं कुठे? माझा सल्ला थोडा गावंढळ वाटेल. ओळखीच्या कुणाच्या शेतावर जा, जिथून ओढा जातो अशा. सोलापूरच्या आसपास सावलीची खरी पायवाट ओढ्याच्या काठानेच मिळते. बाभूळ, करंज, लिंब, चिंच, मध्येच एखादं उंबर. वाट सपाट, पायाखाली माती, गाडीपर्यंत परतायला पंधरा-वीस मिनिटं. मालक ओळखीचा असल्याने फवारणी कधी झाली, विहिरीला कठडा आहे का, शेजारच्या वस्तीवर कुत्री किती, हे आधीच कळतं. आपल्याला ते जंगल वाटत नसेल, पण कुत्रं डोळ्यांनी नाही, नाकाने फिरतं. मुंगूस गेलेली वाट, घोरपडीचं बीळ, रात्री कोल्ह्याने खूण केलेला दगड, त्याच्यासाठी शंभर मीटरमध्ये सकाळभराचा मजकूर असतो. त्याला हुंगू द्या. ओढत नेऊ नका. अर्धा तास मन लावून हुंगलेलं कुत्रं घरी आल्यावर तासभर पळालेल्या कुत्र्यापेक्षा शांत झोपतं.

हिप्परग्याच्या तलावाकडे, तुळजापूरच्या घाटाच्या अलीकडच्या उतारांवर गावकऱ्यांच्या पायवाटा आहेत, त्याही चालतील. तलावाकाठी हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा पाण्याच्या कडेपासून लांबूनच. लॅबला पाणी दिसलं की तो तुमचा राहत नाही, हे लक्षात ठेवा. वनखात्याच्या कुठल्याही रोपवनात शिरण्याआधी फाटकावर किंवा वनरक्षकाला विचारायचं. आणि दाट झाडीचीच हौस असेल तर एखादा शनिवार-रविवार काढून साताऱ्याच्या बाजूला जा, तिथे गावागावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा आहेत. कोयना आणि कास मात्र सोडून.

द्राक्षबागांबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहायला हवा, कारण नान्नज, बार्शी, पंढरपूर या सगळ्या पट्ट्यात आपण बागांमधूनच जातो. सोनाका द्राक्ष तर नान्नजचंच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवशाचा हिशोब नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोड्यात जातं. बेदाण्यांत तर सगळं घट्ट होऊन बसलेलं असतं, त्यामुळे शेडजवळ सांडलेले बेदाणे जास्त धोक्याचे. खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता तासा-दोन तासांत दवाखाना गाठा, तेवढ्या वेळात उलटी करवून फायदा होतो. फवारणीच्या टाकीजवळचं, ड्रमातलं, सरीतलं पाणी पिऊ देऊ नका. काही भागांत रानडुकरांसाठी पिठात किंवा मांसात गुंडाळलेले गावठी बॉम्ब ठेवतात. कुत्रं तोंडात घेतं आणि जबडा उडतो. म्हणून 'सोड' ही आज्ञा घरी पक्की झाल्याशिवाय रानात न्यायचं नाही, आणि जमिनीवरचं काहीही खाऊ द्यायचं नाही.

इथे लीशचा विषय येतो. माझं मत कडक आहे: रानात कुत्रं मोकळं सोडायचं नाही. घरात हाक मारल्यावर येतो म्हणून रानात येईल असं नसतं, ससा उठल्यावर तर नाहीच. आपल्या भागातली कारवान, पश्मी ही शिकारी कुत्री ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर विसरूनच जावं. ती जात नजरेने हेरून पळण्यासाठीच वाढवलेली आहे, दोनशे मीटरवर काही हललं की तुमची हाक तिला ऐकू येत नाही. छातीवरून येणारा हार्नेस वापरा, गळपट्टा नाही. अरुंद वाटेवर दीड-दोन मीटरची लीश, मोकळ्या जागी दहा मीटरची लांब दोरी. ती दोरी हाताला गुंडाळायची नाही, बोटं मोडतात. आपोआप गुंडाळली जाणारी लीश बाभळीच्या रानात निरुपयोगी आहे.

वाटेत मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच वळा. धनगराची कुत्री कळपाजवळ परकं कुत्रं येऊ देत नाहीत, ते त्यांचं कामच आहे, आणि शहरी लॅबला त्यांची भाषा कळत नाही. तो शेपटी हलवत पुढे जातो. तुम्ही लीश आखूड करा, वाऱ्याच्या दिशेने नको, बाजूने जा, आणि धनगराला हाक मारून सांगा. तो आपल्या कुत्र्यांना नावाने दटावतो, काम होतं. व्यायलेल्या गाई-म्हशींपासूनही अंतर ठेवा. आणि समोरून शाळेला निघालेली पोरं, गवताचा भारा घेतलेल्या बाया आल्या तर वाटेच्या कडेला उभं राहून कुत्र्याला खाली बसवा. 'काही करत नाही हो तो' हे वाक्य मालक म्हणतात तेव्हा समोरचा माणूस भेदरून बांधावर चढलेला असतो. त्या वाक्याने त्याला काडीचाही धीर येत नाही.

तयारी निघायच्या आदल्या दिवशी सुरू करायची नसते. तुमचा लॅब दोन वर्षांचा आहे, म्हणजे हाडांची वाढ पूर्ण झालेली आहे, हे चांगलं. दीड वर्षाच्या आतल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला लांब चढ-उतार देऊ नयेत. महिना-दीड महिना रोजची फेरी हळूहळू तासावर आणा. त्यातली काही मातीवर, गाद्या टणक होऊ देत. पहिल्या खेपेला जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर पुरे. रेबीजची आणि लेप्टोचा समावेश असलेली वार्षिक लस झाली आहे का बघा. राहिली असेल तर निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या.

गोचिडींवरचं औषधही आधीच. चघळायच्या गोळ्या येतात, काही महिनाभर चालतात, काही तीन महिने. मानेवर सोडायचे थेंब असतात. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर गोळी देण्याआधी डॉक्टरला तसं सांगा. गुरांच्या गोचिडीचं औषध अंदाजाने बादलीत कालवून कुत्र्याला आंघोळ घालणं हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि त्याने विषबाधा झालेली कुत्री दर पावसाळ्यात येतात. तो मोह टाळा.

पाण्याचा माझा ढोबळ हिशोब असा: हिवाळ्यातल्या सकाळी या वजनाच्या कुत्र्याला तासाला पाव ते अर्धा लिटर, आणि त्याशिवाय एक पूर्ण बाटली अंगावर ओतायला राखीव. घटाघटा पाजायचं नाही, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. निघण्याआधी पोटभर खायला घालू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळापळ झाली तर पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते, आणि ते तासांत जीव घेतं. परत आल्यावर धापा थांबल्या की मग जेवण. तुमच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असणारच. त्याला भाकरीचा तुकडा द्या, चटणी नको. त्यातला लसूण त्याच्या रक्तपेशींना मारक आहे, तिखटाचं तर सोडाच.

पिशवीत टोकदार चिमटा, सलाइनची छोटी बाटली, आयोडीनचं औषध, रुंद बँडेज, एक जुना पायमोजा (फाटलेल्या पंजावर चढवायला), थर्मामीटर आणि विष्ठा उचलायच्या पिशव्या. आणि एक सोलापुरी चादर. हसू नका. ३८ किलोंचं कुत्रं कुणी एकट्याने दोन किलोमीटर उचलून आणू शकत नाही. चादरीवर आडवं घातलं की दोघांना चार टोकं धरून आणता येतं, आणि ती चादर फाटत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र पिशवीत असल्या तरी कुत्र्याला द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी यकृत, आतडी, मूत्रपिंडं बिघडतात. दुखापत झालेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून तपासण्याआधी बँडेजचा फेरा तोंडावर बांधा, पण धापा टाकत असेल तर तोंड बांधू नका.

उष्माघाताची सुरुवात ओळखा. जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाला रुंद झालेली, लाळ घट्ट, हिरड्या विटेसारख्या लाल, कुत्रं मागे रेंगाळतंय, सावलीत जाऊन उठत नाही. नंतर पाय लटपटतात, उलटी होते. तुम्ही त्या वेळी रानात असाल तर पळत गाडीकडे जायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. सावलीत घ्या आणि असेल नसेल ते सगळं पाणी पोटावर, जांघेत, छातीवर, अंगभर ओता. टोपीने, चादरीने वारा घाला. बर्फ शोधत बसू नका, साधं पाणी चालतं. ओली चादर अंगावर गुंडाळून ठेवायची नाही, ती थोड्याच वेळात गरम होते आणि उष्णता आत कोंडते. तापमान १०३ फॅरनहाइटच्या आसपास आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते फार खाली घसरतं. मग गाडीत एसी लावून दवाखान्यात. उठून शेपटी हलवायला लागला तरी न्या. मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याचं जे बिघडायचं असतं ते पुढच्या दोन-तीन दिवसांत बिघडतं.

साप चावला तर बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो, कारण कुत्रं नाक खुपसायला गेलेलं असतं. घोणस किंवा फुरसं असेल तर सूज झपाट्याने येते. नाग किंवा मण्यार असेल तर सूज कमी दिसेल, पण मान, पाय ढिले पडायला लागतात. आवळून बांधायचं नाही, चिरा घ्यायच्या नाहीत, विष चोखायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. चालवत आणू नका, चादरीतून उचलून आणा आणि गळपट्टा, हार्नेस काढून टाका, सूज चढली की तो गळ्यात रुततो. या चारही सापांवर माणसांसाठी असलेलं सर्पदंशाचं इंजेक्शनच कुत्र्यालाही देतात, पण ते प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात ठेवलेलं नसतं. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरला फोन करून विचारून ठेवा. रविवारी दवाखाना किती वाजता उघडतो हेही त्याच फोनमध्ये.

घरी परतल्यावर अर्धा तास त्याच्या अंगासाठी ठेवा. आधी कोरड्या अंगाला फणी, मग आंघोळ. उलट करू नका, ओल्या केसांत कुसळ सापडत नाही. पंजे एकेक करून उलटे करा, प्रत्येक बेचका बोटाने उघडून बघा. मग कानाची आतली बाजू, ओठांची कड, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, गळपट्ट्याखालची जागा. गोचीड दिसली की चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ तोंडाशी धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी काही लावू नका, त्याने ती चिडून पोटातला माल रक्तात ओकते. नखांत चिरडायची नाही. साबणाच्या किंवा स्पिरिटच्या पाण्यात टाका. काही जंतू ती चिकटल्यावर काही तासांतच रक्तात सोडते, म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.

पुढचे तीन आठवडे डोळा ठेवा. 'डॉक्टर, नुसता पडूनच आहे की, खाण्यात तोंडच घालीना' असं म्हणत लोक येतात तेव्हा निम्म्या वेळा गोचीडताप निघतो. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, कॉफीसारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर रक्ताची तपासणी करून घ्या, प्लेटलेटसह. तो एर्लिकिया या जंतूचा असेल तर सुमारे चार आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. बबेसिया या दुसऱ्या जंतूचा असेल तर औषध वेगळं. आणि डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा की अमुक तारखेला रानात गेलो होतो, गोचिडी काढल्या होत्या. निदान तिथूनच निम्मं सोपं होतं.